दोन्ही बाजूंना वळते

"झोपलीय की ओ मॅडम. आत्ताच डोळा लागलाय. उठवू का?"

भाग्यलक्ष्मी येमुलनं मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला सरकवलं आणि ती उठायला लागली. मी दारातच उभी होते. एप्रिलची दुपार, डोक्यावर पत्रा, आणि त्या एका खोलीत तंबाखूचा असा वास की आधी घशात खवखव सुटायची आणि मग डोळ्यांत पाणी यायचं. वाशाला बांधलेल्या साडीच्या झोळीत तिची नऊ महिन्यांची अखिला झोपली होती. तिचा एक पाय तेवढा झोळीबाहेर आला होता.

"नको," मी म्हणाले. "झोपू दे तिला."

"तुम्ही बऱ्या आहात मॅडम," भाग्यलक्ष्मी हसली. "ते लसवाले तर झोपलेल्या पोरालाच टोचून जातात." आणि तिनं मला माठातलं पाणी दिलं.

ही १९९७ सालची गोष्ट. पुण्याची एक संशोधन संस्था सोलापुरात काम करत होती. विडी वळणाऱ्या बायकांच्या घरात तंबाखूची धूळ रात्रंदिवस असते. त्या धुळीत वाढणाऱ्या मुलांचं वजन, उंची, चालणं, बोलणं, ऐकणं, सगळं जन्मापासून दोन वर्षांपर्यंत मोजून ठेवायचं होतं. अशोक चौकाच्या मागच्या वस्त्यांमधली साठ मुलं माझ्याकडे होती. मी चोवीस वर्षांची होते, अक्कलकोटजवळच्या एका खेड्यातून आलेली, नुकतीच एम. ए. झालेली. वस्तीत मला कुणी महानंदा बिराजदार म्हणून ओळखत नव्हतं. मी 'मापवाल्या मॅडम' होते.

नऊ महिन्यांच्या भेटीत मुख्य चाचणी कानांची असायची. एकीनं मुलाला समोर खेळवायचं, दुसरीनं मागून, मुलाला दिसणार नाही अशा बेतानं, एकेका कानाच्या बाजूला घंटी वाजवायची. मग खुळखुळा, मग वाटीवर चमचा. मूल वळतं का ते पाहायचं. माझ्या जोडीची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती, त्यामुळे महिनाभर मी एकटीच फिरत होते. मूल झोपलं असेल, रडत असेल, आजारी असेल तर काय करायचं तेही ठरलेलं होतं. 'चाचणी झाली नाही' असं लिहायचं आणि आठवड्याच्या आत पुन्हा यायचं.

पण मग ते मूल 'बाकी' म्हणून यादीत यायचं. आणि पुण्याच्या ऑफिसात भिंतीवर जो तक्ता होता, त्यात सलग अकरा महिने माझ्या नावापुढे बाकी शून्य होती. आमच्या प्रमुख डॉ. सबनीस मॅडम मासिक बैठकीत सगळ्यांसमोर म्हणायच्या, "काम कसं करावं ते महानंदाकडून शिका." तेवढ्या एका वाक्यावर मी पुढचा महिनाभर उन्हातान्हात हिंडायचे.

वजन मात्र मी घेतलं. वाशाला काटा अडकवला आणि अखिलाला साडीसकट हळूच त्यात ठेवलं. काट्याची साखळी हातातून सुटली आणि तिच्या कानापाशी खणकन वाजली. पोरगी हलली नाही.

"गाढ झोपते," मी म्हणाले.

"लई गाढ," भाग्यलक्ष्मी म्हणाली. मग जरा थांबून, पानं कापायचा पत्र्याचा फर्मा हातात फिरवत म्हणाली, "मॅडम, एक विचारू? हाक मारली की कधी कधी बघतच नाही ओ ही. परवा हंडा पडला, तरी दचकली नाही. सासूबाई म्हणतात, पोरगी शांत आहे. तसं असतं का?"

"खेळात रमली असेल. मुलं अशीच असतात."

मी तिच्या घरी ठेवायचं पिवळं कार्ड भरत होते. वजन, उंची, दात. 'कान'चा चौकोन आला.

"कानाचं पण बघितलं का मॅडम?"

"बघितलं," मी म्हणाले आणि बरोबरची खूण केली.

तिनं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि देवाच्या फोटोमागे ठेवून दिलं. मी रस्त्याच्या पलीकडच्या रसवंतीत जाऊन बसले आणि ऑफिसचा मोठा फॉर्म भरला. घंटी : दोन्ही बाजूंना वळते. खुळखुळा : दोन्ही बाजूंना वळते. वाटी-चमचा : दोन्ही बाजूंना वळते. तीनही ओळी लिहायला उसाच्या रसाचा एक ग्लास संपण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. पुढच्या आठवड्यात जाऊन तपासून येऊ, असं तेव्हा मनात होतं. गेले नाही.

*

वर्षाची झाल्यावर गेले तेव्हा अखिला भिंतीला धरून चालत होती. फॉर्मवर ओळ होती : नाव घेतल्यावर पाहते. मी दारातून हाक मारली, तिनं मान वळवली. माझी सावली तिच्या पुढ्यात पडली होती. ते मला दिसलं होतं. तरी मी खूण केली, आणि या वेळी काही खोटं लिहिलेलं नाही, असं स्वतःला सांगितलं.

दीड वर्षाची झाली तेव्हा शब्द मोजायचे होते. भाग्यलक्ष्मीची सासू नरसम्मा दारात बसून विड्यांची बंडलं बांधत होती. ती म्हणाली, "बोलत नाही अजून. गल्लीतली सगळी पोरं बोलतात."

"घरात तुम्ही तेलुगू बोलता, बाहेर मराठी," मी म्हणाले. "दोन भाषा कानावर पडल्या की मुलं उशिरा बोलतात."

हे मी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं. भाग्यलक्ष्मीचा चेहरा लगेच मोकळा झाला. "बघा अत्तम्मा, मी सांगत नव्हते?" ती सासूला म्हणाली.

त्याच भेटीत तिनं मला सांगितलं की दसऱ्याला ती इचलकरंजीला भावाकडे जाऊन आली. श्रीनिवास तिचा थोरला भाऊ, यंत्रमागावर कामाला. वडील लवकर गेले, त्यानंतर त्यानंच तिला वाढवलं, शाळेत घातलं, लग्न लावून दिलं. ती त्याला अन्ना म्हणायची आणि त्याच्याबद्दल बोलताना तिचा आवाज बदलायचा. "तिकडं अखिलाला लई ताप भरला मॅडम. अंग नुसतं भाजत होतं. अन्ना तिला खांद्यावर घेऊन दवाखान्यात पळत गेला. सुई दिली, तीन दिवसांत उतरला. अन्ना नसता तर काय झालं असतं माझं?"

मी 'मधल्या काळातील आजार : ताप, उपचार घेतले' असं लिहिलं आणि उठले.

*

जुलै ९८ मध्ये अखिलाची दोन वर्षं भरली. शेवटची तपासणी डॉक्टरांनी स्वतः करायची होती, म्हणून डॉ. सबनीस मॅडम पुण्याहून आल्या. वस्तीतल्या बालवाडीची खोली घेतली होती. भाग्यलक्ष्मी जरीकाठाची साडी नेसून आली, बरोबर नरसम्मा. अखिलाला नवा फ्रॉक होता आणि केसांत दोन्ही बाजूंना अबोलीची फुलं.

मॅडमनी तिच्यासमोर लाकडी ठोकळे ठेवले. अखिलानं एकावर एक असे आठ रचले, मागे सरकून पाहिलं आणि नववा उचलला. "किती सफाईदार हात आहेत गं," मॅडम म्हणाल्या. त्या तिच्या मागे गेल्या आणि त्यांनी घंटी वाजवली.

अखिला नववा ठोकळा ठेवत होती.

मॅडमनी दुसऱ्या बाजूनं वाजवली. मग टाळी वाजवली. मग त्यांनी खोलीतलं जेवणाचं स्टीलचं ताट उचललं आणि फरशीवर टाकलं. मी दचकले. नरसम्मा "अय्यो" म्हणून उठली. अखिलाचा नववा ठोकळा व्यवस्थित बसला आणि ती आईकडे बघून हसली.

मॅडमनी माझ्याकडे फाईल मागितली.

"भाग्यलक्ष्मी, हिला ऐकू येत नाही. तुम्हाला काही जाणवलं नव्हतं?"

भाग्यलक्ष्मीनं माझ्याकडे पाहिलं. "बोलत नाही ते माहीत होतं. पण मॅडम म्हणाल्या, दोन भाषांमुळं..."

"जन्मापासून नसेल," मॅडम फाईल चाळत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "नऊ महिन्यांची असताना तर छान ऐकत होती. हे काय, दोन्ही बाजूंना वळते. महानंदाची नोंद आहे. म्हणजे नंतर गेलं." त्यांनी मान वर केली. "मधे मोठा ताप? झटके? कान वाहिला होता? कसली इंजेक्शनं?"

"ताप?" नरसम्मा पुढे आली. "आला होता की! हिच्या भावाकडं गेली होती दसऱ्याला. मी सांगत होते, लहान लेकरू आहे, जाऊ नको. कुठल्या डॉक्टरकडं नेलं, काय टोचलं, देवाला ठाऊक."

"कसलं इंजेक्शन होतं? चिठ्ठी आहे?"

"नाही," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "अन्ना घेऊन गेला होता. मला नाही माहीत."

"काही इंजेक्शनांनी कानाची नस जाते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते अगदी हळू आवाजात, तिला लागू नये म्हणून सांगितलं. पण खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

नरसम्मा तेलुगूत काहीतरी बोलली. भाग्यलक्ष्मीचा चेहरा पांढरा पडला. ती घाईघाईनं म्हणाली, "पण त्याच्या आधी पण डॉक्टरमॅडम, आधी पण ती हाक मारली की..." आणि थांबली. पुन्हा तिनं माझ्याकडे पाहिलं.

ती मला विचारत होती. तिला जे आठवत होतं ते खरं की माझं कार्ड खरं, एवढंच. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी जमिनीवर पडलेलं ताट उचललं आणि ते जागेवर ठेवायला गेले.

"आधी काय?" डॉ. सबनीसनी विचारलं.

"काही नाही," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "आधी ऐकत होती. मॅडमनी तपासलं होतं."

परतताना जीपमध्ये डॉ. सबनीस माझ्या शेजारी बसल्या होत्या. "फार वाईट वाटतं गं," त्या म्हणाल्या. "जन्मतः असतं आणि आपल्याला नऊ महिन्यांत सापडलं असतं, तर आत्तापर्यंत कानाला मशीन लागून वर्ष झालं असतं. बोलायला लागली असती पोर." मग थोड्या वेळानं, "महानंदा, तू स्वतः केली होतीस ना ती चाचणी? वळली होती नक्की?"

"हो मॅडम."

"तसं तुझ्या नोंदीवर शंका घेण्यासारखं काही नाहीच." त्यांनी फाईल मिटली.

*

पुण्याला नेऊन मोठी तपासणी झाली. दोन्ही कान जवळजवळ पूर्ण बंद. संस्थेनं एका ट्रस्टकडून कानाचं मशीन मिळवून दिलं. कानाच्या मापाचा साचा आला होता, तो घालून बघायला मी ऑगस्टमध्ये येमुलांच्या घरी गेले. नारळी पौर्णिमेचा दिवस होता. पद्मशाली समाजात तो मोठा सण. सकाळी मार्कंडेयाच्या रथाची मिरवणूक निघालेली, गल्लीभर नव्या साड्या आणि हातांवर राख्या. मी मुद्दाम तो दिवस निवडला नव्हता. माझ्या वहीत त्या तारखेला त्यांचं घर होतं, इतकंच.

भाग्यलक्ष्मी सूप घेऊन बसली होती. सणाच्या दिवशी विड्या वळणारी तेवढी एकटीच. मी अखिलाला मांडीवर घेतलं. तेवढ्यात दारात एक उंच, सडपातळ माणूस येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून लाल रंगाच्या बाहुलीचे पाय बाहेर आलेले.

भाग्यलक्ष्मीनं मान वर केली नाही. नरसम्मा उठून आत, मोरीकडे निघून गेली.

"भाग्या," तो म्हणाला. पुढचं तेलुगूत बोलला. ती पान कापत राहिली. तो पुन्हा बोलला. मग तिनं, पानावरची नजर न काढता, मराठीत उत्तर दिलं. कदाचित मला कळावं म्हणून, कदाचित त्याला परकं करायला.

"मला राखी बांधायची नाही. जावा तुम्ही."

ती त्याला 'तुम्ही' म्हणाली, ते त्याला लागलं. तो उंबऱ्याच्या बाहेरच खाली बसला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या साच्याकडे, अखिलाच्या कानाकडे.

"तुम्ही त्या ऑफिसच्या मॅडम का?"

"हो."

"पाटी होती ओ बाहेर," तो म्हणाला. "डॉक्टर शिकलेला होता. मी विचारलं पण होतं त्याला, एवढ्याशा लेकराला सुई चालते का. पोरगी हातात आग झाली होती. दुसरं काय करायचं होतं मी?" त्याचे हात पिशवीचे बंद पिळत होते. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही सांगा. एका सुईनं कान जातो का?"

भाग्यलक्ष्मीच्या हातातली कात्री थांबली.

खोलीत आम्ही चौघं होतो, आणि त्यातल्या एकीलाच काय झालं होतं ते माहीत होतं. मला माहीत होतं की त्या तापाच्या सहा महिने आधी, याच वाशाखाली, लोखंडी साखळी वाजूनही ही पोर हलली नव्हती. मला हेही माहीत होतं की पुढच्या महिन्यात संस्थेत कायम जागा भरायची होती आणि डॉ. सबनीसनी माझं नाव दिलं होतं.

"होऊ शकतं," मी म्हणाले. "काही इंजेक्शनांनी होतं तसं."

हे खोटं नव्हतं. पुस्तकात आहे ते. म्हणूनच ते बोलता आलं.

श्रीनिवासनं मान हलवली, दोनदा. आपल्याला आधीच माहीत असलेलं कुणीतरी नीट सांगावं तशी. त्यानं पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि तो उठला. जाताना त्यानं अखिलाकडे पाहिलं नाही. भाग्यलक्ष्मीनं पिशवी उचलली आणि रस्त्यावर त्याच्या मागे नेऊन ठेवली. परत येऊन बसली, कात्री उचलली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात पानं कापत होते.

"तुम्ही होता म्हणून बरं झालं मॅडम," ती म्हणाली. "नाहीतर मी विरघळले असते."

*

मला ती जागा मिळाली. पुढे लग्न झालं, मुलगा झाला. प्रकल्पाचा अहवाल छापून आला, त्यात एका तळटीपेत होतं : एका मुलीस तापानंतर बहिरेपणा आल्याने तिची माहिती वगळली आहे. मी ती तळटीप कितीदा वाचली असेल, सांगता येणार नाही. माझा मुलगा नऊ महिन्यांचा झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात त्याच्या मागे उभं राहून वाटीवर चमचा वाजवला. तो लगेच वळला आणि खिदळला. नवऱ्यानं विचारलं, "रडतेस कशाला?" मी कांदा चिरत होते असं सांगितलं.

वर्षं अशीच गेली. मी नव्या मुलींना प्रशिक्षण द्यायला लागले. २००९ मध्ये शबाना मुलाणी नावाची एक मुलगी तिच्या पहिल्या महिन्याचे फॉर्म घेऊन आली. वीस-एकवीस वर्षांची, घाबरलेली. "मॅडम, माझी सात मुलं बाकी आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांत जास्त माझीच आहेत. रागावू नका."

मी फॉर्म उलगडले. एकावर तिनं गोल अक्षरांत लिहिलं होतं : मूल झोपले होते. चाचणी झाली नाही. पुन्हा जाईन.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तिला वाटलं मी रागावले. ती रडकुंडीला आली आणि मला तिची समजूत घालत बसावं लागलं.

त्याच आठवड्यात मी डॉ. सबनीसना पत्र लिहिलं. त्या निवृत्त होऊन नाशिकला राहत होत्या. उत्तर दोन ओळींचं आलं. "मला आधी का लिहिलंस? आधी त्या आईकडे जा."

*

भाग्यलक्ष्मी आता घरकुलाच्या पक्क्या खोलीत राहत होती. नरसम्मा वारली होती. सूप तेच, पण चष्मा लागला होता. तिनं मला लगेच ओळखलं, चटई टाकली, चहा टाकायला उठली. मी तिला बसवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर बोलले नसते.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे आधीपासून होतं," ती म्हणाली.

"हो. बहुतेक जन्मापासून."

"तापाच्या आधीपासून."

"हो."

"मी तुम्हाला सांगितलं होतं. हंडा पडला होता ते सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस."

ती हाताच्या बोटांकडे बघत राहिली. तंबाखूनं तिची नखं पिवळी झाली होती. मला वाटलं ती ओरडेल, मारेल, बाहेर काढेल. मी त्याची तयारी करून आले होते. खरं तर तेच हवं होतं मला.

"अकरा वर्षं मी अन्नाशी बोलले नाही," ती म्हणाली. "माझी आई वारली, तिच्या दिवसांना गेले, तिथं पण नाही बोलले. त्याच्या पोरीच्या लग्नाला गेले नाही. तो दर वर्षी पत्र टाकायचा, मी फोडायची नाही." ती उठली आणि तिनं हात धुतले. साबण लावून, खूप वेळ. "मला सांगून काय करू मी? उद्या सकाळी सातची एस.टी. आहे इचलकरंजीची. तुम्ही चला."

मॅडम म्हणाली नाही. त्यानंतर ती मला कधीच मॅडम म्हणाली नाही.

सकाळी स्टँडवर ती अखिलाला घेऊन आली. तेरा वर्षांची, आईपेक्षा उंच, दोन्ही कानांत मशीन, मूकबधिर शाळेचा निळा गणवेश. तिनं मला हात जोडून नमस्कार केला. गाडीत त्या दोघी एका बाकावर बसल्या, मी मागच्या. सांगोला येईपर्यंत त्या बोटांनी बोलत होत्या. मग अखिला आईच्या खांद्यावर झोपली.

श्रीनिवासच्या घरी मागांची खटखट भिंतीतून येत होती. तो दारात आला. केस पांढरे झाले होते. बहिणीला बघून तो नुसता बाजूला झाला. मग माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्ही त्या कानाच्या मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं, होऊ शकतं."

"मी खोटं बोलले होते," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. झोळी, साखळी, कार्ड, रसवंती, ताट. त्याच्या उंबऱ्यावरच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर, आणि ते का दिलं तेही.

तो खुर्चीचा पाठीमागचा दांडा धरून उभा होता. "परत सांगा," तो म्हणाला.

मी परत सांगितलं.

"माझ्या सुईनं नाही?"

"नाही."

त्यानं आतून बायकोला बोलावलं. "हिला सांगा." मी तिला सांगितलं. मग त्यानं मागावरून मुलाला बोलावून घेतलं, त्याला सांगायला लावलं. तो मला शिक्षा करत नव्हता. त्याला ते पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं, एवढंच. मला वाटलं होतं, एकदा सांगितलं की पुढच्या वेळी सोपं जाईल. प्रत्येक वेळी 'रसवंती' या शब्दापाशी मी अडत होते. सगळं ऐकून झाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि भाग्यलक्ष्मी उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिनं त्याच्या पाठीला हात लावला नाही. लावायला उचलला होता.

अखिला एका कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं आईची साडी ओढली आणि जाड, तुटक आवाजात विचारलं, "का...य झा...लं?"

भाग्यलक्ष्मीनं डोळे पुसले. "मामानं सुई टोचायला लावली म्हणून कान गेले, एवढंच हिला माहीत आहे," ती मला म्हणाली. "मीच सांगितलं होतं." तिनं अखिलाला उठवून माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं, तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं.

"हिला तुम्हीच सांगा. हळू बोला. तोंडावर हात नेऊ नका. ओठ वाचते ती."

मी अखिलाच्या डोळ्यांत पाहिलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.